गिऱ्हाईक परत पाठवणारे मामा

बोईसरपासून मनोरपर्यंत माझ्या मामांइतकी गिऱ्हाइकं परत पाठवणारा औषध दुकानदार दुसरा झाला नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. पुरुषांच्या कमजोरीची गोळी मागायला माणूस आला, की आधी खोकायचा, मग बामची बाटली हातात घेऊन उगाच वाचत बसायचा. मामा त्याला ग्लुकोजच्या खोक्यांमागे नेऊन हळूच विचारत, "चिठ्ठी कुठाय? छातीत दुखतं? जिभेखाली गोळी ठेवता?" कारखान्यातला एक कामगार म्हणाला, "अंकल, दोस्त के लिए चाहिए." मामा म्हणाले, "तो दोस्त को डॉक्टर के पास भेजो. उसका बीपी तुम्हारे हाथ पे कैसे नापेगा?"

एकदा सुट्टीच्या दिवशी मी दुकानात बसलो होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चार गोळ्या नेलेला किनाऱ्यावरच्या एका बोटीचा तांडेल दुसऱ्याच दिवशी पुन्हा हजर. "मामा, आनखी द्या. तिगांना एकेक दिली. बोटीवर काय बी आलं तं आमी वाटे करतो."

"कुणाकुणाला?"

त्याने तीन नावं घेतली. तिसरं नाव धाकूचं होतं. धाकूची छातीची गोळी मामांच्याच दुकानातून जायची. मामांनी भर दुपारी शटर ओढलं, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट कोळीवाडा गाठला. धाकू जाळं विणत होता.

"ती गोळी खाल्लीस?"

"नाय मामा. शिमग्याला ठेवलीय."

मामा तिथेच जाळ्यावर मटकन बसले. "अरे, छातीच्या गोळीबरोबर ही पोटात गेली असती, तर रक्तदाब असा घसरला असता की तू उठला नसतास! डॉक्टरला दोन्ही गोष्टी सांगायच्या. लाजायचं नाही."

धाकू मान खाली घालून म्हणाला, "मना नाय जमनार सांगायला."

"मग मी येतो बरोबर." आणि मामा खरंच त्याच्याबरोबर डॉक्टरकडे गेले. त्याआधी उरलेल्या दोघांच्या गोळ्याही दारोदार फिरून परत घेतल्या.

हल्ली मामांना नावं आठवत नाहीत. मलाही कधीकधी विचारतात, "आपण कोण?" गेल्या आठवड्यात धाकू भेटायला आला. मामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, पण नाव काही सापडेना. मग एकदम त्याचं मनगट धरून म्हणाले, "तू... तू ती दुसरी गोळी घ्यायची नाहीस हं."

"नाय घेत, मामा," धाकू म्हणाला, आणि त्याने आपला हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला.