झिरो डिफेक्ट जावईबापू

आमच्या नणंदेच्या जावयाइतका संतापी माणूस निगडीपासून चाकणपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि जिथे खरोखर संतापायला हवं तिथे नेमका लोण्यासारखा मऊ पडणारा माणूसही दुसरा सापडायचा नाही. तोंडावर मी त्याला 'जावईबापू' म्हणते, 'अहो' म्हणते, पहिली पोळी त्याच्याच ताटात वाढते. जावयाला बोलायची सोय आपल्यात नाही. म्हणून जे काय साठलंय ते सगळं इथे लिहिणार आहे, आणि इथे तो नुसता 'तो'. वाचून राग आला तर येऊ दे. मला वर्षभर येतोच आहे.

माणसांवर तो कधी आवाज चढवत नाही, हे आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही माझ्या भाचीची काळजी करत बसाल. त्याची भांडणं वस्तूंशी. आटे गेलेला स्क्रू, डुगडुगणारं टेबल, नीट न बसणारं डब्याचं झाकण यांना तो असं काही बोलतो, की त्यांना कान असते तर ती घर सोडून गेली असती. लग्नात अंतरपाट धरला होता आणि नवरदेव मान वाकडी करून वर बघत दातओठ खात होता. मांडवाचा खांब ओळंब्यात नव्हता, जरासा कलला होता, एवढंच कारण. पण मी, तेव्हाची शहाणी, शेजारच्या बायकांना कोपरखळ्या मारून सांगत होते, "बघा बाई, किती भावुक मुलगा! रडू आवरतोय." माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मला त्या वयात मनापासून वाटायचं.

निघोज्याच्या बाजूला एका कारखान्यात तो क्वालिटी खात्यात होता. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि नापास झालेल्याला लाल टॅग बांधायचा, हे त्याचं काम. ते टॅग त्याच्या खिशात कायम असायचे, दुसऱ्यांच्या खिशात बडीशेप असते तसे. दिवाळसणाला आला तर चकल्यांच्या ताटातली एक उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, "मामी, हिचा बाहेरचा वेढा जाड झालाय की." घरी दाराशी पिवळ्या पट्ट्या मारून चपलांच्या जागा आखल्या होत्या. आमच्या वन्सं एकदा लेकीकडे राहायला गेल्या, तर हा अदबीने म्हणाला, "आई, तुमचं पार्किंग चुकलंय." वन्सं तशाच रिक्षा करून माझ्याकडे चऱ्होलीला आल्या आणि आठवडाभर राहिल्या. म्हणजे लग्नात तो खांब मला दिसला नाही, त्याची शिक्षा शेवटी मलाच झाली.

अशा माणसाने एक दिवस चांगली नोकरी सोडली आणि चिखलीत पत्र्याचं शेड घेतलं. बीडकडच्या गावी त्याचे वडील एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी असे बाजारातून घरी आले होते. "दुसरी कुठाय?" असं विचारलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. मेच्या उन्हात तापलेल्या डांबरावरून ते तसेच चालत आले होते, तळवा पोळून निघाला होता आणि त्यांना काही कळलं नव्हतं. साखरेच्या आजारात पायाची जाणीव अशी गुपचूप जाते. पुढे त्यांची बोटं कापावी लागली. मोठ्या दवाखान्यात हे आधी ओळखणारी यंत्रं आहेत, पण खेड्यातल्या आरोग्य केंद्रात कुठली असायला? म्हणून याने ठरवलं, पिशवीत घालून नेता येईल असं बॅटरीवरचं यंत्र आपण करायचं. पाटासारखं काहीतरी. वर पाय ठेवला की तळव्याखाली एकेका जागी बारीक थरथर होते आणि तपासणाऱ्याच्या बाजूला त्या जागेचा दिवा लागतो. कळली की बटण दाबायचं. नाही कळली तर तिथे पाणी मुरतंय असं समजायचं.

पाय अर्थात माझे. साखर मला आहेच आणि रिकामा वेळही. दर रविवारी शेडमध्ये खुर्चीवर बसून मी पाय देत असे. थंडीच्या दिवसांत घोटाळा झाला. सकाळी पाय ठेवले तर मला निम्म्या जागा कळेनात, आणि उन्हात बसून चहा घेतल्यावर त्याच जागा लख्ख कळायला लागल्या. हा आधी यंत्रावर ओरडला, मग वायरींवर, मग बॅटरीवर. शेवटी खाली बसून त्याने खिशातून लाल टॅग काढला आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधून टाकला. "मामी, नमुना सदोष आहे. तुमचे पाय धरायचे नाहीत."

बाजूच्या शेडमध्ये लेथ चालवणारे चाचा दारात उभे होते. ते म्हणाले, "अरे भाई, मामेसासूलाच रिजेक्ट केलं? आता जेवायला कुठं जाणार?"

पैसे संपत आले तेव्हा सरकारी मदतीचा विषय निघाला. छोट्या कंपन्यांनी आजारावरची यंत्रं, औषधं शोधावीत म्हणून सरकार निधी देतं, त्याच्या नाना योजना असतात आणि त्या योजनांची माहिती देणारे मेळावे असतात. अशा एका मेळाव्याला तो मला 'रुग्णाची बाजू' म्हणून चिंचवडला घेऊन गेला. मी पैठणी नेसले. सरकारचं काही असलं की मी पैठणी नेसते. लग्नानंतर गॅसच्या कनेक्शनसाठीही नेसून गेले होते, साहेबावर छाप पडेल म्हणून. साहेबाने मान वर न करता "उद्या या" म्हटलं, तर मी दुसऱ्या दिवशी दुसरी पैठणी नेसून हजर! ती बावळट बाई मेली असं मला वाटत होतं. कुठली मरते? त्या हॉलमध्ये ती पुढच्या रांगेत बसली होती.

पाहुणे उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, शाली, नारळ, प्रत्येकाला गुच्छ, गुच्छ देणाऱ्यालाही गुच्छ. मग एक गृहस्थ माईकवरून म्हणाले, "पैसा तयार आहे. कल्पनाच येत नाहीत!" माझ्या शेजारी एक कल्पना पोटाशी पिशवीत घेऊन बसली होती, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. टाळ्या मात्र जोरात झाल्या. हाही वाजवत होता. जेवणाच्या रांगेत त्याने एका साहेबांना गाठलं. त्यांनी सांगितलं, आधी रुग्णालयाचं संमतिपत्र आणा. रुग्णालयाने सांगितलं, आधी योजनेचं मंजुरीपत्र आणा. डुगडुगत्या टेबलाला शिव्या देणारा हा वाघ दोन्हीकडे "हो सर, करतो सर" म्हणून आला. मी रिक्षात त्याला म्हणाले, "जावईबापू, जरा आवाज चढवा की." तर म्हणतो, "मामी, कस्टमरवर कुणी ओरडतं का?"

कसाबसा एका भल्या डॉक्टरांनी कागद दिला आणि समितीसमोर बोलावणं आलं. तिथे त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता. या यंत्रात अजून काय जमलेलं नाही? कशात जोखीम आहे? आणि या गृहस्थाने छाती पुढे काढून उत्तर दिलं, "सर, काही नाही. झिरो डिफेक्ट." उत्तर आलं ते असं, की उपकरण तयार असल्याचे अर्जदाराचेच म्हणणे असल्याने संशोधनासाठी साहाय्याची गरज दिसत नाही.

मी शेडमध्ये जाऊन कुणावर आधी चिडावं ते ठरवत बसले. याच्यावर चिडावं तर जावई. "माझे पाय सकाळी एक सांगतात, दुपारी एक सांगतात, ते का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाले.

चाचांनी लेथ बंद केला. "मामी, याची काय गलती? चाकणला माल देणारा माणूस साहेबासमोर 'माहीत नाही' बोलला ना, की पुढची ऑर्डर गेली. मशीन बंद असू दे, माणूस आजारी असू दे, आपण काय म्हणायचं? 'होऊन जाईल सर.' उमर गेली तेच बोलण्यात."

हे चाचांना कळतं, मग समितीला का कळू नये? मला राग येतो तो याचा. समोरचा माणूस घाबरून थापा मारतोय, हे मला स्वयंपाकघरातून कळलं असतं. संशोधनाला पैसे वाटायला बसलात ना? मग एवढं तरी शोधून काढायचं! एक प्रश्न जास्त विचारला असता तर तुमची बिस्किटं मऊ पडणार होती का?

पुन्हा अर्ज करायचं ठरलं. घर भाचीच्या पगारावर चाललं होतं, आणि जुन्या कंपनीचा निरोप आला होता, यायचं तर आत्ता या. या वेळी नाही जमलं तर शेड सोडायचं आणि निघोज्याला परत जायचं, असं दोघांनी ठरवून टाकलं. मग आमच्याकडे तालीम सुरू झाली. मी कॉटवर बसले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला.

"सांगा, तुमच्या यंत्रात काय खोट आहे?"

"खोट नाही मॅडम."

"जावईबापू!"

"म्हणजे... किंचित सुधारणेला वाव आहे."

"थंड पायांना तुमचं यंत्र नीट का चालत नाही?"

"होऊन जाईल मॅडम."

"'माहीत नाही' म्हणा."

त्याला घाम फुटला. "मामी, जीभच वळत नाही की."

भाची भाजी निवडत होती. "माझ्यासमोर बरी वळते. बिल भरलं का? माहीत नाही. आईला फोन केला का? माहीत नाही. लग्न झाल्यापासून दुसरं काही ऐकलंच नाही मी, मामी."

शेडच्या बाजूला ठोकाठोक चालते म्हणून दुसरी मुलाखत आमच्या हॉलमधून झाली, कॉम्प्युटरवर. वर इस्त्रीचा शर्ट, टाय आणि खाली हाफ पँट असा तो बसला. पलीकडून साहेबांनी "नमस्कार" म्हटल्याबरोबर सवयीने ताडकन उभा राहिला, त्यामुळे भारत सरकारला आधी त्याच्या हाफ पँटचंच दर्शन झालं. मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी. मग तो प्रश्न आला. त्याने टाय सरळ केला, छाती पुढे काढली. मला वाटलं, संपलं, आता 'झिरो' येणार.

"आय डोन्ट नो, सर," तो म्हणाला. माझं इंग्रजी बेताचं, पण एवढं कळलं. पुढे तो जरा अडखळत म्हणाला ते भाचीने मला नंतर सांगितलं. एका बाईंचे पाय गार पडले की माझं यंत्र चुकतं. मी त्यांच्या पायांना दोष दिला. पाय बरोबर आहेत, यंत्र चूक आहे. का चुकतं ते शोधायला मला मदत पाहिजे.

मंजूर झालं! मी चाचांना पेढे पाठवले, पैठणीला इस्त्री केली. पण हप्ता येईना. आधी निराळं खातं उघडा म्हणाले. मग एक दाखला राहिला. मग सही करणाऱ्यांची बदली झाली. हा फोनवर "चालेल सर, काही घाई नाही सर" म्हणे, तेव्हा मीच एकदा त्या कचेरीत फोन लावला आणि माझं मनातलं सगळं बोलून घेतलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, "आजी, तुम्ही अर्जदाराच्या कोण?" म्हटलं, "मी सदोष नमुना."

शेवटी मंजुरीचा कागद घरात आणि हा कंपनीत, अशी गत झाली. तो परत निघोज्याला लागला. सेकंड शिफ्ट मागून घेतली आहे. सकाळी शेडमध्ये काम करतो आणि दुपारी कंपनीची बस पकडतो. शेड सोडलेलं नाही, पण ओरडणं सोडलं आहे. परवा एक स्क्रू हातातून निसटला तर त्याने मुकाट्याने वाकून उचलला. चाचा मला हळूच म्हणाले, "मामी, काही तरी करा. असा शांत बरा नाही वाटत."

गेल्या रविवारी मी शेडमध्ये गेले. ऊन चांगलं होतं, चहा झाला होता. त्याने यंत्र लावलं आणि मी पाय ठेवले. टाच कळली, कड कळली, करंगळी कळली. मग मी वाट बघत बसले. म्हटलं, "अहो, पुढचं लावा की."

मी वाकून पाहिलं तर अंगठ्याखालचा दिवा लागलेला होता.

"पाय गार असतील, मामी," तो म्हणाला.

"असतील," मी म्हटलं.

भाचीचं कन्यादान आम्ही केलं होतं, तेव्हा लग्नात याचे पाय मी धुतले होते, आणि धुताना मनात म्हणत होते, पाय आहेत की नांगर! आता तो फरशीवर मांडी घालून बसला, माझा पाय मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी चोळायला लागला. पाय गार नव्हता. त्याचे हात उबदार आहेत हे मला टाचेवरून कळत होतं, तळव्यावरून कळत होतं. अंगठ्यापर्यंत हात गेला की मी डोळे मिटून घेत होते आणि तो वर न बघता विचारत होता, "आता? आता कळतंय का?"