अण्णाजींची अडीच छत्र्यांची भिंत

अण्णाजी जग छत्रीनं मोजत. वर्गातला फळा दीड छत्री, शाळेची विहीर सात छत्र्या. नागपूरहून तपासणीला आलेले साहेब गेल्यावर ते म्हणाले, "मानूस दोन छत्र्यांचा, पन आवाज चार छत्र्यांचा!" अकोल्याच्या त्या शाळेत मी नवा मास्तर, राहायला त्यांच्या शेजारच्या खोलीत आणि जेवायला त्यांच्याच घरी.

त्यांच्या पत्नी वेणूवहिनी क्षयानं खंगत चालल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं, चार वर्षांच्या चंपीला आईपासून वेगळं ठेवा, नाहीतर बाईंना माहेरी दर्यापूरला धाडा. घर म्हणजे एकच लांब खोली. अण्णाजी म्हणाले, "धाडत नाही. तिथं तिले कोन पाहीन? मधात भिंत घालू."

हंगाम कपाशीचा, सुतार सगळे सरकी काढायच्या जिन-कारखान्यांत गुंतलेले. मग कारागीर आम्हीच. ते गणिताचे, मी भूगोलाचा. "अडीच छत्र्यांचे खांब कापून आन, बापू," ते म्हणाले. हुकूम मी तंतोतंत पाळला. फक्त छत्री माझी होती, स्वस्तातली, आखूड दांड्याची.

चौकट उभी राहिली, बांबूच्या तट्ट्या बांधल्या, शेणमातीनं लिंपल्या, आणि छताखाली वीतभर फट उरली. अण्णाजींनी फटीकडे पाहिलं, मग माझ्या छत्रीकडे. "भूगोल शिकवतं ना बे तू? पोरायचा हिमालय खुजा काहून, ते आता समजलं!"

पण त्याच फटीतून वहिनींच्या ओव्या अलीकडे येऊ लागल्या. चंपी पडल्या पडल्या ऐके. नवे खांब आणतो म्हटलं, तर अण्णाजी म्हणाले, "राहू दे. तुह्या हातून एक तं काम चांगलं झालं."

मग एका दुपारी पलीकडे खोकला आला आणि अलीकडे चंपीही खोकली. पुन्हा तसंच. आईची नक्कल, की तेच दुखणं? डॉक्टरांनाही सांगता येईना. अण्णाजी तट्ट्याचा तुकडा घेऊन शिडीवर चढले आणि फटीशी तसेच थांबले.

"लावा ना. काहून थांबले?" पलीकडून वहिनी म्हणाल्या.

"तुहा आवाज..."

"माह्या आवाजाचं काय घेऊन बसले? पोरगी वाचली पायजे."

मी खालून चिखल देत होतो. ते न पाहताच लिंपत होते; निम्मा माझ्याच डोक्यावर पडला. एरवी त्यांनी महिनाभर टिंगल केली असती.

त्यानंतर उरलं ते ठोकणं. चंपी छत्रीची मूठ भिंतीवर आपटे, टक टक. पलीकडून टक टक येई. चंपीचा खोकला थांबला. वहिनींचा वाढला. उत्तरं उशिरा येऊ लागली.

वहिनींना परसदारातून नेलं, तेव्हा चंपी माझ्या खोलीत झोपलेली होती; तिला काही न सांगता दिवस होईपर्यंत तिथंच ठेवलं. दिवसपाणी उरकल्यावर मी हळूच विचारलं, "अण्णाजी, भिंत काढायची?"

ते काही बोलायच्या आत चंपीनं कोपऱ्यातली छत्री उचलली. टक टक. पलीकडून काही येईना. तिनं पुन्हा ठोकलं. अण्णाजी उठले, अनवाणीच बाहेर गेले आणि घराला वळसा घालून परसाकडे वळले.

पलीकडून टक टक आलं.

"माय जागी हाय ना, काका?" चंपीनं विचारलं.

रजेसाठी माझी धडधाकट आजी मी दोनदा मारली होती. त्या दिवशी मला साधं 'हो' म्हणता येईना.

पलीकडून पुन्हा टक टक आलं.