भांगाच्या दिवशीची मोजणी

उंबरखारच्या गोदूकाकीला वेळ विचारायची सोय नाही. विचारलीत, तर ती आधी तुम्हालाच तिथी विचारणार. "आज कोनती? षष्ठी? मंग साडेचारला पानी भरल." तुम्हाला एसटी पकडायची असते आणि ही बाई खाडीच्या भरतीची वेळ सांगून मोकळी होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे खाडीकाठचं कुणीही सांगेल. पण बाकीचे बोटं मोजतात. गोदूकाकीला मोजावं लागत नाही.

कशाला लागेल? एकोणीस वर्षं ती गावाची उघाडी सांभाळते आहे. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध, आणि त्या बांधात बसवलेलं लाकडी दार म्हणजे उघाडी. भरतीचं खारं पाणी आलं की दार आपोआप बंद होतं, ओहोटी लागली की उघडतं आणि शेतातलं पाणी खाडीत जातं. ऐकायला सोपं आहे हो! पण त्या दारात एक फांदी अडकली, चिखलाचा थर बसला, की खारं पाणी आत शिरलंच म्हणून समजा. आणि एकदा का शेतात खारं पाणी शिरलं, की पुढची तीन वर्षं त्या शेतात भाताचा दाणा नाही.

हे काम आधी तिच्या नवऱ्याचं, चांगदेवचं. तो गेला तेव्हा गावकीत कुजबुज झाली, की बाईमाणसाला हे कसं जमायचं? गोदूकाकी पदर खोचून उघाडीत उतरली, गळाभर पाण्यात हात घालून तिने ओंडका उपसून काढला आणि वर येऊन म्हणाली, "आता बोला. कोनाला जमतंय त्याने उद्या सकाली माझ्याआधी यावं." दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तेव्हापासून घरटी एक पायली भात आणि उघाडीत अडकणारी मासळी, हा तिचा मान झाला. एवढ्या वर्षांत बांध फुटून एकदाही खांड पडली नाही, आणि हे ती स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगते. का सांगू नये? खरंच आहे ते.

तर आता मुख्य गोष्ट. बांधाच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला चाळीस एकर खाजण आहे. चिखल, तिवरं, खेकड्यांची बिळं. शहरातून आलेल्या माणसाला वाटेल, काय ही पडीक जागा! पण अमावास्या-पौर्णिमेचं उधाण येतं तेव्हा ते सगळं पाणी आधी या खाजणात पसरतं, दमतं आणि मग बांधाशी येतं. एका कंपनीला त्या खाजणात भराव टाकून गोदामं बांधायची होती. एवढा मोठा प्रकल्प म्हटल्यावर सरकारचा नियम आला: आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास, मग त्याचा अहवाल, मग लोकांसमोर जनसुनावणी.

अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत आला आणि गोदूकाकीचा मुलगा धनेश तो घेऊन घरी आला. धनेश डंपर चालवतो. भरावाचं काम निघालं तर त्याच्याच गाडीला वर्षभर धंदा, म्हणून तो जरा खुशीतच होता. ओटीवर बसून त्याने आईला वाचून दाखवलं: "सदर जागा भरतीरेषेच्या बाहेर असून कोरडी व विनावापर आहे. सर्वेक्षणादरम्यान येथे भरतीचे पाणी आढळले नाही. भरावामुळे लगतच्या शेतीवर परिणाम संभवत नाही."

"काय?" गोदूकाकी कोळंबी सोलत होती, तिचा हात थांबला. "खाजनात पानी न्हाय? डोले फुटलेते का मोजनाऱ्यांचे?"

"आये, मशीन घेऊन मोजलंय त्यांनी. खुंटीसुदिक ठोकलीय."

"कवा मोजलंय ते वाच."

धनेशने पानं उलटली. "बारा ते चौदा डिसेंबर. सकाळी अकरा ते दुपारी दोन."

गोदूकाकी उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे टांगलेली गेल्या वर्षाची पानं तिने चाळली आणि त्या तारखांवर बोट ठेवलं. मार्गशीर्ष वद्य अष्टमी, नवमी, दशमी. म्हणजे भांगाचे दिवस! महिन्यात दोनदा खाडी अशी मरगळते की भरती आली काय नि गेली काय, कळतही नाही. त्याला भांग म्हणतात. त्यात अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाला. भर दुपारी तर पाणी पार ओसरलेलं. त्या वेळेला खाजणात पाणी दिसणार कुठून?

पण तिच्या पायाखालची वाळू सरकली ती याने नव्हे. तिला आठवलं, की त्या लोकांना तो दिवस आणि ती वेळ तिनेच सांगितली होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला हेमाली नावाची एक मुलगी आली होती, पंचविशीची, अहवाल करणाऱ्या संस्थेची. पायात पांढरे बूट, पाठीवर यंत्राची पेटी. बांधावरून खाजणाकडे बघत म्हणाली, "मावशी, इथे उतरायला बरं कधी पडेल?" आता आपल्याकडे पाव्हण्याने वाट विचारली, तर कुणी चिखलाची वाट सांगतं का? ते पांढरे बूट बघून गोदूकाकीला दया आली. म्हणाली, "अष्टमी-नवमीला ये पोरी, दुपारी बाराच्या सुमाराला. पाय कोरडे ऱ्हातील तुझे." तीन दिवस मोजणी चालली, तिन्ही दिवस तिने त्या पोरीला तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण जेवू घातलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती!

 दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि सरळ सरपंचाच्या घरी गेली. गणराज सरपंच तरणा गडी, बोलण्यात तयार. सगळं ऐकून त्याने मांडीवर थाप मारली. "काकी, काम झालं! सुनावनीत मी उठतो नि सांगतो, की कंपनीवाल्यांनी मुद्दाम भांगाचा दिवस धरला, लबाडी केली. त्या पोरीवर गुन्हा दाखल करा म्हनतो. तू फक्त गप ऱ्हा."

"आनि तिने साहेबाला सांगितलं, की तारीख मावशीने दिली, तर?"

"कोन इश्वास ठेवील तिच्यावर? आख्खं गाव आपल्या बाजूने."

गोदूकाकीने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. "गणराज, बांधात पोकल माती भरली, की पहिल्या उधानाला काय होतं?"

उत्तराची वाट न बघता तिनेच पुढे सांगितलं.

"खांड पडते. मंग? खोटं बोलून बांध वाचत न्हाय रे बाबा. चूक माझी हाय, ती मीच सांगनार. नि पानीबी मीच दाखवनार."

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. मंचावर अपर जिल्हाधिकारी साहेब, बाजूला कंपनीची माणसं, एका टोकाला हेमाली. समोर खुर्च्या भरून माणसं, भिंतीला लागून उभी असलेली वेगळी. पडद्यावर रंगीत नकाशे झाले, आकडे झाले. मग माईक फिरायला लागला आणि गोदूकाकीने तो असा धरला, जणू उघाडीचा दांडाच.

"साहेब, मी गोदू चांगदेव म्हात्रे. उंबरखारची उघाडी माझ्याकडे हाय. या पुस्तकात लिवलंय की खाजनात पानी येत न्हाय. हे चूक हाय. नि ही चूक माझ्यामुले झाली."

सभागृहात एकदम गलका उठला. मागून कुणीतरी ओरडलं, "काकी, काय बोलतेस?" साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. गोदूकाकीने सगळं सांगितलं. पांढरे बूट, अष्टमी, दुपारचे बारा. काहीएक लपवलं नाही. "ही पोरगी खोटी न्हाय. तिने जे बघितलं ते लिवलं. पन मी तिना कोरडा दिवस दाखवला, नि कोरड्या दिवसावरून तुम्ही आमच्या शेतीचा निकाल लावनार. ह्ये बरं न्हाय."

मंचावर हेमालीने मान खाली घातली होती. तिच्या शेजारचा कंपनीचा माणूस उठला. "साहेब, या तोंडी गोष्टी आहेत. आमच्याकडे शास्त्रीय मोजमाप आहे. यांच्याकडे पुरावा काय?"

"हातच्या कांकनाला आरसा कशाला?" गोदूकाकी म्हणाली. "साहेब, आजपासून पाचव्या दिवशी बीज हाय. बीज म्हनजे दोन, दोनाची पाऊनपट दीड. दीड वाजता माझ्या उघाडीवर येऊन उभे ऱ्हा. ह्यांनी सोता ठोकलेली लाल खुंटी हाय खाजनात, जिथपतुर पानी येत न्हाय म्हनतात ती. दीडला ती खुंटी मना दिसली, तर मी इथे येऊन तुमच्या कागदावर अंगठा देते, की टाका भराव."

आता मात्र धनेशच्या तोंडचं पाणी पळालं. "आये, अंगठा देते म्हनालीस? वारा पडला नि पानी कमी चढलं तर?"

"तू डंपर चालव," आई म्हणाली. "पान्याचं मी बघते."

बीजेच्या दिवशी एक वाजता बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब आले, कंपनीची माणसं आली, हेमाली आली. ऊन रणरणत होतं. खाजण कोरडं ठणठणीत, आणि मधोमध ती लाल डोक्याची खुंटी ऐटीत उभी. कंपनीच्या माणसाने घड्याळ बघितलं आणि तो हसला. गणराज घाम पुसत होता. धनेश तर एकदा खुंटीकडे, एकदा आईकडे बघत होता. गोदूकाकी उघाडीच्या कठड्यावर बसून पान लावत होती.

सव्वाला तिवरांच्या मुळांतून पाणी सरसरत आलं. आधी बोटभर, मग वीतभर. खेकडे पळायला लागले. धाडकन आवाज झाला आणि साहेब दचकले. "घाबरू नका," गोदूकाकी म्हणाली, "उघाडीचं दार लागलं." चिखल दिसेनासा झाला, मग खुंटीचा बुंधा, मग मधली पांढरी पट्टी. दीड वाजायला दोन मिनिटं असताना खुंटीचं लाल डोकं तेवढं वर होतं.  मग एक लाट आली आणि तेही गेलं.

बांधावर अशी आरोळी उठली की तिवरांतले बगळे उडाले! धनेशने आईला मिठीच मारली. तो डंपरवाला, दांडगा गडी, आणि रडत होता. "आये, ह्या पान्यात मी भराव टाकनार होतो गं," एवढंच म्हणाला. "तुना ठाऊक नव्हतं," गोदूकाकीने त्याच्या पाठीवर थोपटलं, "आता झालं."

साहेबांनी तिथेच बांधावर उभं राहून पंचनामा लिहिला. म्हणाले, "अंतिम निर्णय वर होईल, तो माझ्या हातात नाही. पण हा अहवाल मी परत पाठवतो आहे. नवीन मोजणी बारा महिन्यांची, प्रत्येक उधाणाची आणि गावाच्या समक्ष. तोपर्यंत इथे मातीची एक पाटीसुद्धा पडणार नाही." मग पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून पहिली सही त्यांनी गोदूकाकीचीच घेतली. अंगठा नव्हे हं, सही! चौथीपर्यंत शिकली आहे ती. सभागृहात आपण अंगठा का म्हणालो, ते तिचं तिलाच ठाऊक.

गर्दी पांगली तरी हेमाली बांधावर थांबून राहिली होती. ती जवळ आली. डोळे लाल झालेले. "मावशी, तुम्ही गप्प बसला असतात तर सगळं माझ्यावर आलं असतं. माझी नोकरी गेली असती."

"माझ्या घरात जेवलीस तू. तुझ्या अंगावर मी माझी चूक कशी ढकलू?"

 हेमालीने पाठीवरची पेटी सारखी केली, डोळे पुसले आणि वही उघडली. "नव्या मोजणीला आम्हालाच यावं लागेल. सांगा, मावशी, कधी येऊ?"

गोदूकाकीने तिच्या पायांकडे बघितलं. तेच पांढरे बूट.

"पुनवेला ये. सव्वाअकराला," ती म्हणाली. "नि ते बूट घरी ठेव पोरी. या टायमाला पाय चिखलात घालावे लागतील."