कोऱ्या मशीनवर बोलून दाखव

घरात तिला सगळे खटपटी म्हणत, आणि नाव काही चुकीचं नव्हतं. चांगली चाललेली नोकरी सोडून ती मागच्या खोलीत कॉम्प्युटरसाठी छोटी छोटी अवजारं बनवायची. ढीगभर फोटोंना एका फटक्यात नावं देणारं एक, फाइलींच्या जुळ्या प्रती हुडकून काढणारं दुसरं. शिवाय ओपन सोर्सचे पोर्ट. म्हणजे कुणी परक्याने सगळ्यांसाठी खुला ठेवलेला प्रोग्रॅम घ्यायचा आणि ज्या सिस्टिमसाठी तो बनलाच नाही तिथे चालता करायचा. दुसऱ्याच्या अंगणातलं रोप आपल्या कुंडीत रुजवायचं, इतकंच. लोक याला रिकामपणचे उद्योग म्हणतात. म्हणोत बापडे.

तिचे सासरे जन्मभर कचेरीत टायपिस्ट. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. पाटीवर लिहून दाखवायचे, पण टोमणा लिहून होईपर्यंत विषय कुठल्या कुठे गेलेला असायचा. शिळा टोमणा कोण ऐकतो? हळूहळू त्यांनी पाटी सोडली, मग माणसांत बसणंही. फोनच्या काचेवर त्यांची बोटं अडखळत, खऱ्या कीबोर्डवर मात्र वाऱ्यासारखी पळत. टाइप केलेलं वाक्य तत्क्षणी बोलून दाखवणारा एक खुला प्रोग्रॅम खटपटीला सापडला, पण तो सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर चालणारा नव्हता.

"चालेल. न चालून सांगतो कुणाला?" असं म्हणून ती कामाला लागली.

तिच्या मशीनवर तो पोपटासारखा बोलला. लगेच तिने सासऱ्यांना त्यांच्या खुर्चीत बसवलं, नवऱ्याला बोलावलं, प्रोग्रॅम घातला. सासऱ्यांनी टाइप केलं. पडद्यावर अक्षरं उमटली, आवाज नाही. पुन्हा केलं. ढिम्म. सासरे उठले, पाटी शोधून आणली आणि लिहिलं, "माझ्यावरचे प्रयोग बंद."

चूक साधी होती, पण या धंद्यातल्या माणसालाच शोभणारी. प्रोग्रॅम कुठल्यातरी अशा फाइलीच्या आधारावर बोलत होता जी फक्त तिच्याच मशीनवर होती. कोऱ्या, म्हणजे वरून काहीच न घातलेल्या मशीनवर चालल्याशिवाय पोर्ट झाला म्हणायचं नाही, हा तिचाच नियम. परक्या गिऱ्हाइकांसाठी डोळ्यांत तेल घालून पाळलेला, आणि घरच्या माणसासाठी खुशाल मोडलेला!

"माझा ऑफिसचा लॅपटॉप घे," नवरा म्हणाला.

"त्यात तुझ्या ऑफिसने काय काय कोंबलंय देव जाणे. मला कोरा पाहिजे."

"कोरा आणणार कुठून?"

"हा काय, समोर."

"अगं, हा तुझा स्वतःचा! यावर पोट आहे तुझं!"

"पोटाची प्रत काढून ठेवलीये डिस्कवर. सरक."

तिने आपला कॉम्प्युटर फॉरमॅट केला. मग नुसता पोर्ट घातला. मुका! तिला इतका आनंद झाला की विचारू नका, कारण चूक आता तिच्या हाताखाली आली होती. पूर्वीचे प्रोग्रॅम ती एकेक करून परत घालू लागली. एक घालायचा, पोर्ट उघडायचा, बोलतो का पाहायचं. जेवणाच्या हाकांना तिने ओ दिली नाही. शेवटी गाणी कापायचा एक जुनाट प्रोग्रॅम घातला आणि पोर्ट खणखणीत बोलला. आवाजाची फाइल त्या दीडशहाण्याने आपल्यासोबत आणली होती! ती फाइल वाटायला परवानगी आहे का, हे तिने वाचून पाहिलं. होती. मग ती पोर्टच्याच गाठोड्यात बांधली, कॉम्प्युटर पुन्हा कोरा केला आणि पुन्हा बोलवून पाहिलं. या वेळी नियमाने.

सासरे फिरायला गेले होते तेव्हा तिने नवा पोर्ट त्यांच्या कॉम्प्युटरवर घालून ठेवला. ते परतले, नेहमीसारखे बातम्या वाचायला बसले आणि पडद्यावर उघडी ठेवलेली पोर्टची खिडकी त्यांनी बंदही केली नाही, वापरलीही नाही. तिने मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. तेवढ्यात नवरा ओरडत आला, "गीझर कोणी चालू ठेवला?"

"मी नाही. तूच आत्ता आंघोळ केलीस."

"मी बंद केला होता, अगदी आठवतंय!"

कोपऱ्यातून सपाट आवाज आला, "तू जन्मात काही बंद केलेलं नाहीस."

नवरा गर्रकन वळला. "बाबा, तुम्ही तिची बाजू..."

"आधी गीझर बंद कर. मग बाजूंचं बोलू." सासऱ्यांची बोटं थांबायला तयार नव्हती. "सूनबाई, हा आवाज फार किरटा आहे. जाड कर."

"करते, बाबा," म्हणत तिने मागच्या खोलीतली खुर्ची ओढली. बाहेर बापलेकांचं जुंपलं होतं, आणि नवऱ्याला एक वाक्य धड पुरं करू दिलं जात नव्हतं.