कुमुदताईंची बंद चिठ्ठी

कुमुदताईंच्या घरी कुणी पाहुणा आला की पाण्याआधी प्रश्न येई, "गोळ्या कुठल्या चालू आहेत? दाखवा बघू!" माणूस बिचारा खिशातून डबी काढी आणि ताई दागिने पाहावेत तशा त्या गोळ्या निरखत. दुर्गाघाटावर राहणाऱ्या या बाई विद्यापीठात क्षयावर संशोधन करत आणि जुन्या औषधांवर त्यांचा भारी जीव. मी त्यांचा शेवटचा विद्यार्थी.

"नवं औषध यायला उमर निघून जाते रे मधू," त्या म्हणत. "घरात आहे त्यालाच दुसरं काम सांगून बघ!" आपल्या शरीरातली जी पेशी क्षयाचा जंतू गिळते, तिच्याच पोटात तो आरामात राहतो. ताईंना त्या पेशीला जागं करायचं होतं. "चोर आपल्याच कोठरीत बसलाय. घरवाल्यांना उठव ना!" मधुमेहाची एक जुनी, स्वस्त गोळी हे काम करील, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. हे सांगताना त्या खुर्चीत बसूच शकत नसत.

पण स्वतःच्या या उत्साहावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. शेजारच्या लॅबमधल्या बाई पेशींवर घालायच्या बाटल्यांवर नुसते आकडे टाकत. कुठल्या बाटलीत औषध आणि कुठल्या बाटलीत साधं द्रावण, ही चिठ्ठी पाकिटात बंद होऊन ताईंच्याच घरात राहणाऱ्या थोरल्या भावाकडे जाई. भाऊ भिक्षुकी करत. त्यांच्या देव्हाऱ्यात यजमानांच्या पत्रिका असत, त्यांतच हे पाकीट. मोजणी संपेपर्यंत ते मागायचं नाही. "माझी नजर लालची आहे," ताई म्हणत. "तिला पहिले कळलं, तर तिला हवं तेच दिसेल."

त्यांच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. क्षयाचा जंतू मोठा आळशी, पेशींतून काढून काचेच्या बशीत घातला, की ठिपका होऊन दिसायला तीन-चार आठवडे घेतो. शेवटच्या प्रयोगाच्या बशा तयार झाल्या, मी निम्म्या मोजल्या आणि मला राहवेना. काहींवर ठिपके गच्च, काहींवर जवळजवळ नाहीतच! मी तडक दुर्गाघाट गाठला आणि भाऊंना चक्क थाप मारली, "ताईंनी पाकीट मागवलंय."

पूजेला बसलेल्या भाऊंनी हातानेच देव्हारा दाखवला. "घे. आणि प्रसादही ने."

वाटेतच मी पाकीट फोडून आकडे ताडले आणि लॅबमध्ये शिरता शिरता ओरडलो, "ताई, तुमचीच गोळी!"

त्या टुणकन उठल्या. मग विचारलं, "मोजणी?"

"निम्मी."

त्यांनी वहीतल्या सगळ्या पानांवर काट मारली. अख्ख्या लॅबला कळलं होतं, आता कुणाची नजर कोरी राहिली नव्हती. मला रडूच कोसळलं. पुन्हा करायचं तर निकाल लागेल तेव्हा ताई तिथं नसणार होत्या.

"रडतोस काय? चल, पेशी काढ. परत लावू!" त्या म्हणाल्या आणि बाह्या सरसावून कामाला लागल्यासुद्धा. नवे आकडे, नवं पाकीट. निरोपाच्या दिवशी गळ्यातल्या हारासकट त्या बशांच्या कपाटापर्यंत आल्या, पण दार उघडलं नाही.

पुढं मी एकूण एक बशी मोजली आणि वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. भाऊंनी पाकीट फोडून मोठ्यानं वाचलं, मी आकडे जुळवत गेलो. औषधाच्या बशा जवळजवळ कोऱ्या! "अजून पेशींतच आहे हं, माणूस लांब आहे," असं बजावत ताई स्वतःच टाळ्या पिटत होत्या.

मी त्यांचे पाय धरले. "माझ्यामुळं तुम्हाला हे तिथं बघायला मिळालं नाही."

"अरे वेड्या," त्या डोळे पुसत हसल्या, "मी असते, तर मला जन्मभर शंका राहिली असती. हे उत्तर मी नसताना आलंय. आता मला खरं वाटतं."