बंद सर्व्हरचं भाडं

सर्व्हर बंद केला की त्याचं बिलही बंद होतं, असं मी धरून चाललो होतो. घरातला गीझर तसाच वागतो, म्हणून. महिन्याने कार्डावरून पैसे गेल्याचा मेसेज आला, तेव्हा मी मार्केट यार्डात भाजीच्या दोन पिशव्या धरून उभा होतो. रक्कम आधीच्या महिन्यापेक्षा जास्त.

बायको घरून मोडी लिपीचे वर्ग घेते. धड्यांची रेकॉर्डिंग ठेवायला हा भाड्याचा सर्व्हर मीच घेऊन दिला होता, मोठ्या रुबाबात. मे महिन्यात वर्गांना सुट्टी, म्हणून थोडी साफसफाई करून तो बंद केला. आता फीतले निम्मे पैसे त्यातच जात होते. ती एवढंच म्हणाली, "फी वाढवायची माझी इच्छा नाही. असंच चालणार असेल तर जूनपासून वर्ग बंद."

रविवारी दोघं लॅपटॉपसमोर बसलो. मशीन बंद होतं, पण धडे साठवलेल्या डिस्का जागेवरच होत्या आणि त्यांचं भाडं चालू होतं. भाडेकरू गावाला गेला तरी सामान खोलीत, तसं. एकूण चार डिस्का. वर्षभरात तीनदा मशीन बदललं, जुन्या डिस्का काढायच्या राहिल्या. नावं मीच दिलेली: नवीन, नवीन दोन, फायनल, फायनल खरी. काहीही पुसण्याआधी मी त्याची एक प्रत काढून ठेवत असे, त्यामुळे प्रत्येक साफसफाईनंतर बिल वाढत गेलं. प्रती किती दिवस ठेवायच्या, या रकान्यात लिहिलं होतं: कायम.

"हे कायम कोणी केलं?"

"मी."

"का?"

"असू द्यावं म्हणून."

"माळ्यावर तीन मिक्सर आहेत, तेही असू द्यावेत म्हणूनच ना?"

मी मशीन सुरू केलं. मग एकेक डिस्क जोडून, उघडून बघायची. दुपार त्यातच संपली, पाठ धरली. दोन डिस्कांवर तेच तेच धडे. एका धड्यात तिच्या मागून मी बनियनवर, बादली घेऊन चाललेला.

"हे विद्यार्थ्यांनी पाहिलंय?"

"पाहिलंय. एकीने विचारलंही, काकांच्या घरी पाणी येत नाही का."

'नवीन दोन' मी न उघडताच पुसायला काढली होती. तिने हात धरला आणि आधी उघडायला लावली. जुनी खरेदीखतं वाचायचे सगळे धडे त्या एकाच डिस्कवर होते. ते चालू डिस्कवर हलवले, मग बाकीच्या तिन्ही पुसल्या. प्रतींची मुदत सात दिवस केली. पुसण्याआधी दर वेळी पडद्यावर विचारत होतं, नक्की ना? या वयात मला कशाचीच खात्री नसते. बटण तिने दाबलं.

जूनमध्ये वर्गांसाठी मशीन पुन्हा सुरू केलं, तरी महिन्याचा आकडा एवढासा आला. मी मेसेज दोनदा वाचला आणि फोन तिच्यापुढे धरला.

"चालू राहतील वर्ग," ती म्हणाली. "फी आहे तीच. आणि अहो, सर्व्हरचा पासवर्ड मी बदललाय."