फळीवरचे चार उंदीर

रोह्याहून फोन आला तेव्हा मी शाडू मळत होते. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, म्हणून ह्यांनीच फोन माझ्या कानाशी धरला. पलीकडे रुक्सानाआपाची धाकटी बहीण. "वहिनी, आपा गेली गो... सकाळी चहा घेतला नि बसल्या जागी..." पुढचं मला धड ऐकूच आलं नाही. मी आपली म्हणते, "अगो, पण मंगळवारी येणार होती ना ती!" काय हे बोलणं! पण समोर माझा निलेश पाटावर बसून गणपतीपुढचा उंदीर रंगवत होता, आणि माझं सगळं लक्ष त्याच्याकडे. ह्याच्या मनातलं आता कोण विचारणार?

हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना. निलेश चोविशीतला, ऑटिझम असलेला. बोलतो मोजकं, गर्दी-गोंगाट त्याला सोसत नाही, पण उंदीर असा रंगवतो की गिऱ्हाईक बाप्पाच्या आधी उंदीर बघतं. त्याची चुलत बहीण सोनल शेजारी बसून त्याला रंग कालवून द्यायची. ती लग्न होऊन खांब गावाला गेली आणि हा हळूहळू विझत गेला. जेवण सुटलं, झोप उडाली, भिंतीवर डोकं आपटू लागला. ज्याला दाखवावं तो म्हणे, ऑटिझम आहे ना, मग असं व्हायचंच. अहो, मग आधी का होत नव्हतं? "निलेश, उदास वाटतं का?" असं विचारलं की हा म्हणे "नाय." "बरं वाटतं का?" तरी "नाय." डोंबल कळणार त्यातून!

कुणीतरी रोह्याच्या रुक्सानाआपाचं नाव सांगितलं. नवरा कुवेतला, आणि ही घराच्या पुढच्या खोलीत समुपदेशन करायची. आम्ही गेलो तर निलेश कान दाबून कोपऱ्यात बसला. तिने आधी करकरणारा पंखा बंद केला, मग ट्यूबलाइट, आणि म्हणाली, "वहिनी, घेऊन जा त्याला. हितला निलेश बघून मला काय कळणार? मीच येते तुमच्याकडं." आणि खरंच आली, नागोठणे-वडखळचे खड्डे खात, एसटीने. आल्या आल्या मला म्हणाली, "लोकांच्या पोरांसारखा हाय का ते नको सांगू. आधीच्या निलेशसारखा हाय का, ते सांग." मी आठवत बसले... ब्रशने उंदराची शेपटी ओढताना तो गुणगुणायचा. सोनल गेल्यापासून ते थांबलं होतं. आपा म्हणाली, "मग हा ऑटिझम नाय गो. त्याच्यावर दुसरं कायतरी येऊन बसलंय."

मग ती त्याच्या बाजूला बसली, समोर नाही. पाटावर तिने तीन उंदीर मांडले: एक कच्चा मातीचा, एक नुसता पांढऱ्या रंगाचा हात दिलेला, एक पुरा रंगवलेला. "निलेश, आज तू ह्यातला कुठला?" मला वाटलं, झालं, आता हा उठून जाणार. तो उठलाही. फुटक्या मूर्ती भिजत घालायच्या घमेल्यापाशी गेला, त्यातला एक तडकलेला उंदीर आणून त्याने आपाच्या तळहातावर ठेवला. म्हणाला, "टाकायचा."

आपाने आवाजसुद्धा चढवला नाही. "निलेश, मरावंसं वाटतं?"

"व्हय."

मी तिच्यावरच ओरडले, असं कुणी विचारतं का पोराला! ती शांतपणे म्हणाली, "विचारल्यानं ते मनात शिरत नाय, वहिनी. होतंच. फक्त त्याला सांगायला वाट नव्हती." त्याच दिवशी ती आम्हाला पेणला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि हे सगळं त्यांना नीट समजावून दिलं. औषधं सुरू झाली, त्याला एकटं सोडणं बंद झालं, सोनलचा फोन ठरल्या वेळेला येऊ लागला. एका रात्रीत काही बदललं नाही हो, मधे पुन्हा घसरला, पुन्हा सावरला. आणि एक दिवस मी भाकऱ्या थापत होते तर कारखान्यातून गुणगुणणं ऐकू आलं. मी तव्यावरची भाकरी करपवली आणि खुशाल रडून घेतलं.

तो तडकलेला उंदीर आपाने टाकू दिला नाही. "राहू दे फळीवर. कधीतरी परत तेच उत्तर द्यायचं झालं तर?" तेव्हापासून दर मंगळवारी ती यायची, चार उंदीर पाटावर उतरायचे.

तर ही बातमी त्याला सांगायची कशी? आळीतल्या बायका म्हणाल्या, कशाला सांगतेस, त्याला काय कळतंय! पण आपानेच बजावलं होतं, कुणी मेलं तर 'गावाला गेली', 'झोपली' असलं सांगू नका, तो वाट बघत बसेल. शेवटी म्हटलं, "निलेश, रुक्सानाआपा मेली. आता येणार नाय."

"मंगळवारी?"

"मंगळवारी पण नाय, बाळा."

तो रंगवत राहिला. डोळ्यांत पाणी नाही. बायकांना वाटलं, आपलंच खरं. पण मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते, कान देऊन ऐकत होते. शेपटी ओढून झाली तरी गुणगुणणं नव्हतं.

मी पेणच्या डॉक्टरांना लगेच कळवलं, त्याचं सगळं पुन्हा बघून घेतलं. आपाच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला रोह्याला जाऊन आले. खोलीतला पंखा बंदच होता. तिची बहीण म्हणाली, निलेश परत कधी आलाच तर, म्हणून आपाने तो पुन्हा लावलाच नाही. तिथे मला जे रडू कोसळलं ते आवरेना. सख्ख्या बहिणीसाठी रडावं तशी रडले.

त्यानंतरच्या मंगळवारी चहाच्या वेळी निलेश आपणहून उठला. फळीवरचे चारही उंदीर उतरवून त्याने पाटावर मांडले. मी बाजूला बसले, समोर नाही. विचारलं, "आज तू कुठला?" त्याने कच्चा उचलून स्वतःपाशी ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई कुठला?"

माझा हात आपसूक तडकलेल्या उंदरावर गेला. निलेशने तो माझ्या हातातून घेतला, तड्यावरून बोट फिरवलं आणि परत माझ्या तळहातावर ठेवला.

"टाकायचा नाय," तो म्हणाला.